गर्भाशयमुखाची तपासणी: महिला येत नाहीत, की त्यांना बोलावलेच जात नाही?

1999 ते 2003 या काळात तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयोगटातील सुमारे 1 लाख 31 हजार महिलांची एका अभ्यासासाठी नोंद करण्यात आली. गावांचे 52 समूह करून ते चार गटांत विभागले गेले. तीन गटांतील महिलांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तीन वेगवेगळ्या पद्धतींची तपासणी देऊ करण्यात आली, तर चौथ्या गटाला फक्त माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा मिळाली. मुंबईचे टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून केलेल्या या कामाचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटाला एचपीव्ही या विषाणूची चाचणी आयुष्यात फक्त एकदा देऊ करण्यात आली होती, त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. हा निष्कर्ष जगभर उद्धृत होतो. त्याच अभ्यासातला दुसरा एक आकडा मात्र फारसा कोणी सांगत नाही, आणि या लेखाचा विषय तोच आहे: ज्यांना बोलावले त्यांपैकी दर दहा महिलांमागे जवळपास आठ महिला तपासणीला आल्या.

त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी, 2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 30 ते 49 वयाच्या महिलांना विचारण्यात आले की, त्यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधी तरी करून घेतली आहे का. ‘होय’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण 1.9 टक्के होते. एकीकडे मराठवाड्यातील कोरडवाहू गावांत दहापैकी आठ महिला आणि दुसरीकडे संपूर्ण देशात शंभरापैकी दोन, हे अंतर केवळ ‘आपल्याकडे जागृती नाही’ या वाक्याने भरून निघत नाही. उस्मानाबादच्या त्या महिला इतरांपेक्षा अधिक शिकलेल्या किंवा सधन नव्हत्या. फरक होता तो त्यांच्या दारापर्यंत कोण आले, काय सांगितले आणि तपासणी किती जवळ ठेवली, यात.

हा फरक नीट समजून घ्यायचा तर आधी रोगाची चाल समजून घ्यावी लागते. गर्भाशयाचा सर्वांत खालचा, योनीत उघडणारा भाग म्हणजे गर्भाशयमुख. बोलीत सगळ्यालाच ‘पिशवी’ म्हटले जात असल्यामुळे पिशवीचा कॅन्सर आणि पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर हे दोन वेगळे आजार आहेत, हे पुष्कळदा लक्षात येत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे जवळपास नेहमीच ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, हा विषाणू असतो. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचे अनेक प्रकार असून त्यांतील 16 आणि 18 या दोनच प्रकारांमुळे सुमारे 70 टक्के रुग्णांना हा कर्करोग होतो. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि तो इतका सर्वत्र आढळतो की, बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी तरी त्याचा संसर्ग होऊन जातो. बहुसंख्य महिलांमध्ये एक-दोन वर्षांत शरीर स्वतःच त्याला हटवते. थोड्या जणींच्या शरीरात तो ठाण मांडतो, तेथील पेशी हळूहळू बदलू लागतात, आणि त्या बदलांचा कर्करोग होण्यास साधारणपणे 15 ते 20 वर्षे लागतात. एचआयव्हीसह जगणाऱ्या महिलांमध्ये हा काळ बराच कमी असतो आणि धोका सुमारे सहापट असतो.

ही दीर्घ मुदतच तपासणीला अर्थ देते. पेशी बदलल्या आहेत पण कर्करोग झालेला नाही, अशा अवस्थेत तो भाग गोठवून, तापवून किंवा विजेच्या तारेच्या वेढ्याने काढून टाकता येतो. त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही आणि बहुतेक वेळा मुक्कामही करावा लागत नाही. असे असूनही भारतात दरवर्षी सुमारे 1 लाख 27 हजार महिलांना हा कर्करोग होतो आणि सुमारे 80 हजार महिला त्याने दगावतात, असा 2022 सालचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे.

तपासणीच्या पद्धती मुख्यतः तीन आहेत. पॅप चाचणीत गर्भाशयमुखावरील पेशी घेऊन त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात; त्यासाठी प्रयोगशाळा आणि पेशी ओळखणारा निष्णात माणूस लागतो. एचपीव्ही चाचणीत नमुन्यात विषाणूचे जनुकीय अंश आहेत का, हे यंत्र सांगते. तिसरी पद्धत म्हणजे व्हीआयए. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हीच स्वीकारलेली असल्यामुळे तिच्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. परिचारिका किंवा डॉक्टर स्पेक्युलम नावाच्या साधनाने योनीमार्ग किंचित उघडून गर्भाशयमुखाला 3 ते 5 टक्के तीव्रतेचे ॲसिटिक आम्ल लावतात, म्हणजे स्वयंपाकघरातील व्हिनेगरमध्ये असते तेच, आणि सुमारे एक मिनिट थांबतात. बदललेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो. निकाल तिथल्या तिथे मिळतो, खर्च नगण्य असतो आणि वीज नसली तरी चांगल्या टॉर्चवर काम भागते. मात्र या पद्धतीत पाहणाऱ्याची नजर महत्त्वाची असते; साधी सूज किंवा जंतुसंसर्गही पांढरा दिसू शकतो. शिवाय पाळी थांबल्यानंतर तपासायचा भाग आत सरकत असल्यामुळे पन्नाशीनंतर ही पद्धत कमी भरवशाची ठरते. उस्मानाबादच्या अभ्यासात व्हीआयए केलेल्या दर शंभर महिलांमागे सुमारे 14 जणींचा निकाल पॉझिटिव्ह आला, एचपीव्हीमध्ये सुमारे 10 आणि पॅपमध्ये 7. यांतील बहुसंख्य महिलांना कर्करोग नव्हता. पॉझिटिव्ह याचा अर्थ ‘आणखी नीट पाहायला हवे’ एवढाच असतो, आणि हे वाक्य तपासणीच्या आधी सांगितले तरच उपयोगी पडते; निकाल ऐकल्यानंतर ते कानांत शिरत नाही.

आता ‘सहभाग’ या शब्दाकडे वळू, कारण त्यावरून बराच गोंधळ होतो. बोलावलेल्या महिलांपैकी किती आल्या, हा एक हिशेब. आणि तपासणीस पात्र असलेल्या सगळ्या महिलांपैकी ठरावीक मुदतीत कितीजणींची तपासणी झाली, हा दुसरा. पहिला आकडा बोलावणाऱ्याचे कौशल्य दाखवतो, दुसरा संपूर्ण व्यवस्थेची पोच दाखवतो. एखाद्या शिबिरात दोनशे महिला आल्या, ही बातमी ऐकायला चांगली वाटते, परंतु गावात पात्र महिला सहाशे असतील, आणि आलेल्या दोनशेंपैकी दीडशे गेल्या वर्षीही आलेल्या असतील, तर त्या बातमीचा अर्थ पार बदलतो. पात्र महिलांची यादीच नसेल, तर दुसरा आकडा काढताच येत नाही.

यादीचे महत्त्व इंग्लंडच्या अनुभवातून स्पष्ट दिसते. तेथे पॅप चाचणी 1960 च्या दशकापासून उपलब्ध होती, परंतु ती बहुधा प्रसूती किंवा कुटुंबनियोजनाच्या निमित्ताने दवाखान्यात आलेल्या तरुण महिलांची होत असे. ज्यांना धोका अधिक त्या वयाने मोठ्या आणि गरीब महिला बाहेरच राहत. मृत्यूंच्या आकड्यांत त्या मानाने फारशी घट दिसली नाही. 1988 मध्ये सरकारने प्रत्येक पात्र महिलेला नावानिशी पत्र पाठवून बोलावण्याची आणि मुदत संपली की पुन्हा बोलावण्याची पद्धत देशभर सुरू केली. तपासणी झालेल्या पात्र महिलांचे 42 टक्क्यांच्या आसपास असलेले प्रमाण 1994 पर्यंत सुमारे 85 टक्क्यांवर गेले. पॅप चाचणी तीच होती, बदलले ते फक्त बोलावणे. अलीकडे तेथेही हे प्रमाण 70 टक्क्यांच्या खाली घसरले असून, दक्षिण आशियाई वंशाच्या महिला तुलनेने कमी येतात, असे तेथील अभ्यास सांगतात. लंडन किंवा लेस्टरमधील मराठी घरांतही ते पत्र येते. ते उघडून वेळ ठरवली जाते की वीजबिलांच्या गठ्ठ्यात राहते, हा त्या त्या घरचा प्रश्न आहे.

भारतात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2016 मध्ये तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांच्या तपासणीची चौकट आखून दिली. त्यानुसार 30 ते 65 वयाच्या प्रत्येक महिलेची दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी व्हावी, असे ठरले. कागदावरचा मार्ग साधारण असा आहे: आशाताई घरोघर जाऊन तिशीपुढील प्रत्येक व्यक्तीचा एक फॉर्म भरतात, महिलेला उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीला पाठवतात, तेथे प्रशिक्षित सिस्टर किंवा डॉक्टर तपासणी करतात आणि निकाल पॉझिटिव्ह आला तर महिलेला मोठ्या रुग्णालयात पाठवले जाते. रचना चुकीची नाही. तिची अडचण अशी की, यातील पहिला टप्पा, म्हणजे फॉर्म भरणे, कोणत्याही ओट्यावर बसून होतो. दुसऱ्या टप्प्याला मात्र बंद दार, टेबल, निर्जंतुक स्पेक्युलम, पाणी आणि शिकलेली स्त्री कर्मचारी एकाच दिवशी एकाच ठिकाणी लागते.

फॉर्ममध्येच आणखी एक खोच आहे. त्यात महिलेला पाळी थांबल्यावर रक्तस्राव होतो का, संबंधानंतर रक्त जाते का, दुर्गंधीयुक्त पांढरे जाते का, असे प्रश्न विचारले जातात. ते आवश्यकच आहेत, कारण अशी लक्षणे असणाऱ्या महिलेला तातडीने डॉक्टरांकडे पाठवायला हवे. परंतु सगळ्या प्रश्नांना ‘नाही’ असे उत्तर देणारी महिला साहजिकच असे समजते की आपण सुटलो. प्रत्यक्षात तपासणी मुख्यतः तिच्यासाठीच आखलेली आहे, कारण ज्या अवस्थेत रोग सहज थोपवता येतो, त्या अवस्थेत कोणतेच लक्षण नसते.

जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, 30 वर्षांवरील सुमारे 25 कोटी पात्र महिलांपैकी 10 कोटींहून अधिक महिलांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी झाल्याची नोंद राष्ट्रीय पोर्टलवर आहे. हा आकडा आणि पाहणीतला 1.9 टक्के हा आकडा शेजारी ठेवले की वाचक चक्रावतो. दोन्हींचा काळ वेगळा आहे आणि मोजण्याची रीतही वेगळी आहे: एक नोंद आरोग्य यंत्रणेने केलेली, दुसरे उत्तर महिलेने स्वतः दिलेले. मला यांपैकी कोणता आकडा खरा, यापेक्षा पुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. नोंद झालेल्या महिलांपैकी कितीजणींची प्रत्यक्ष व्हीआयए झाली, कितींचा निकाल पॉझिटिव्ह आला आणि त्यांतील कितीजणींचे उपचार पूर्ण झाले, हे तीन आकडे गाव आणि तालुकानिहाय जोवर पहिल्या आकड्याइतक्या ठळकपणे मांडले जात नाहीत, तोवर सहभागाची चर्चा अर्धवटच राहते.

महिला का येत नाहीत, याची उत्तरे त्यांच्याशी बोलणाऱ्या प्रत्येक सिस्टरला पाठ असतात. ‘मला काही होत नाही, मग कशाला?’ हे पहिले. ‘आतली तपासणी’ म्हटल्यावर येणारा संकोच हे दुसरे. आणि बाळंतपणात ज्यांनी टेबलावर पडून चार लोकांसमोर ओरडा खाल्लेला असतो, त्यांचा तो संकोच नुसता लाजेचा नसतो, त्यात अनुभव असतो. तपासणारा पुरुष असेल, खोलीला पडद्याऐवजी अर्धवट ढकललेले दार असेल, बाहेर गावातलीच माणसे रांगेत असतील, तर शिकलेली बाईसुद्धा परत फिरते. मजुरी बुडते, सासूला विचारावे लागते, शिबिराच्या नेमक्या दिवशी पाळी येते आणि पाळीत ही तपासणी करत नाहीत. मग पुढची तारीख कोणी सांगत नाही. पाळी गेलेल्या महिलेला वाटते की आता पिशवीचे कामच संपले. विषाणू शरीरसंबंधातून येतो, हे अर्धवट सांगितले गेले तर तपासणी म्हणजे चारित्र्याची परीक्षा असा समज होतो. आणि नवऱ्याकडून आलेला, कदाचित पंधरा वर्षांपूर्वीचा संसर्ग निमूटपणे बायकोच्या नावावर लागतो.

मराठवाड्यात या सगळ्यावर आणखी एक थर आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर महिलांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण असल्याचे उघड झाल्यावर 2019 मध्ये राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. अंगावरून पांढरे जाणे, पोटात दुखणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या तरुण महिलांना ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घालून पिशवी काढायला लावल्याच्या कहाण्या त्या वेळी पुढे आल्या. म्हणजे या भागात कर्करोगाचे नाव पोहोचले नव्हते असे नाही. नाव आधी पोहोचले, भीतीही पोहोचली, आणि ज्या साध्या तपासणीने त्या भीतीचा निकाल पाच मिनिटांत लावता आला असता, ती तेवढी मागे राहिली. अशा गावात ‘कॅन्सरची तपासणी करून घ्या’ असे म्हणत जाणाऱ्या आशाताईंना कोणत्या नजरेने पाहिले जात असेल, याचा विचार जागृतीची पत्रके छापणाऱ्यांनी करायला हवा. त्यांना आधी हे सांगावे लागते की, ही तपासणी पिशवी काढण्यासाठी नाही, ती वाचवण्यासाठी आहे.

तपासणीला येणे हा सहभागाचा अर्धाच भाग आहे, हे मुंबईतील टाटा मेमोरियलच्या अभ्यासातून दिसते. 1998 पासून शहरातील झोपडपट्ट्यांत 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख महिलांचा हा अभ्यास झाला. दहावीपर्यंत शिकलेल्या महिलांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून यांतील सुमारे निम्म्या महिलांची दर दोन वर्षांनी व्हीआयए करून घेण्यात आली; उरलेल्या तुलनेच्या गटात होत्या. बोलावलेल्यांपैकी 89 टक्के महिला आल्या. ज्यांचा निकाल पॉझिटिव्ह आला त्यांपैकी सुमारे 79 टक्के पुढच्या निदानापर्यंत गेल्या, आणि कर्करोग आढळलेल्यांपैकी सुमारे 86 टक्क्यांनी उपचार पूर्ण केले. मृत्यूंमध्ये 31 टक्के घट झाली. घरी पाठपुरावा करणारी माणसे असतानाही प्रत्येक पायरीवर पाचांतली किंवा सातांतली एक महिला गळते. ज्या तालुक्यातून कॉल्पोस्कोपीसाठी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख पाहण्यासाठी, जिल्ह्याच्या गावी जावे लागते, तिथे बसभाडे, बुडालेला रोज आणि सोबत कोण येणार हा प्रश्न मिळून ही गळती किती वाढत असेल, याची कल्पना करता येते. या दोन्ही अभ्यासांत तुलनेच्या गटाला तपासणी दिली गेली नाही, यावरून पुढे नैतिकतेचा गंभीर वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्या महिलांच्या वाट्याला आलेल्या किमतीतून जे ज्ञान मिळाले, ते सोलापूर-धाराशिवच्या वाड्यावस्त्यांवर वापरले जात नसेल, तर तो वाद अधिकच बोचरा ठरतो.

तमिळनाडूने काही प्रमाणात वेगळी वाट धरली. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या प्रकल्पात तेनी आणि तंजावूर या दोन जिल्ह्यांत आधी प्रयोग करून मग ही तपासणी राज्यभर नेण्यात आली, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत असंसर्गजन्य आजारांच्या कामासाठी स्वतंत्र परिचारिका नेमण्यात आल्या. पाचव्या पाहणीत तेथील प्रमाण दहा टक्क्यांच्या जवळ होते. मोठे नाही, पण देशाच्या पाचपट. लसीकरण, बाळंतपण, सर्वेक्षण यांतून उरलेल्या वेळात तपासणी करणारी सिस्टर आणि फक्त याच कामासाठी बसलेली सिस्टर यांतला हा फरक असावा, असे मला वाटते.

स्पेक्युलमचा अडथळाच टाळण्याचा एक मार्ग आता उपलब्ध झाला आहे. एचपीव्ही चाचणीसाठी महिला स्वतःच, बंद दाराआड, मऊ ब्रश किंवा काडीने योनीतील नमुना घेऊन देऊ शकते, आणि चांगल्या चाचण्यांत तो डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच उपयोगी ठरतो. ऑस्ट्रेलियाने जुलै 2022 पासून पात्र असलेल्या प्रत्येक महिलेला ही निवड दिली. क्षयरोगाच्या तपासणीमुळे सरकारी दवाखान्यांत परिचित झालेले ट्रूनॅट यंत्र बनवणाऱ्या गोव्यातील मोलबायो कंपनीने त्याच यंत्रावर चालणारी एचपीव्ही चाचणीही तयार केली आहे. उस्मानाबादच्या अभ्यासात एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्या महिलांमध्ये पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण पॅप किंवा व्हीआयए निगेटिव्ह आलेल्यांच्या सुमारे एक चतुर्थांश होते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना 2030 पर्यंत 70 टक्के महिलांची वयाच्या पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा अशाच उच्च दर्जाच्या चाचणीने तपासणी व्हावी, असे उद्दिष्ट सांगते. मुलींसाठी लस आहे, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची भारतीय लसही 2023 पासून उपलब्ध आहे. परंतु आज चाळिशीत असलेल्या आईला मुलीच्या लसीचा उपयोग नाही, तिला तपासणीच हवी.

या सगळ्यांत पैसा लागणार नाही अशीही एक गोष्ट आहे, ती म्हणजे तारीख. बीड, धाराशिव, अहिल्यानगरच्या अनेक गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. वर्षाचे उद्दिष्ट मार्चपूर्वी पूर्ण करायचे म्हणून शिबिर जानेवारीत ठेवले, तर गावात म्हातारीकोतारी आणि शाळकरी मुले तेवढी असतात. तिशी-चाळिशीतल्या ज्या महिलांसाठी तो सारा खटाटोप, त्या त्या वेळी शंभर-दोनशे किलोमीटरवर, कोपीत, पहाटेच्या फडाची तयारी करत असतात. आणि अहवालात कारणाच्या रकान्यात ‘महिलांचा अल्प प्रतिसाद’ असे लिहिले जाते.